पंचवीस पैशांचं पाणी

‘स्वदेस’ आमच्याकडे शूट झाला, हे सातारकर पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. त्या सिनेमातलं दुखणंही आमच्याकडचंच आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मेणवलीच्या घाटावर जा. पुण्याहून आलेली एखादी गाडी वाड्याबाहेर उभी असते. चार-पाच जण, गॉगल, हातात कोल्ड्रिंकच्या बाटल्या, आणि त्यातला एक जण कृष्णेकडे पाठ करून शाहरुखसारखे हात पसरतोय. दुसरा फोटो काढतोय. तिसरा म्हणतोय, ‘अरे, इथेच ती कावेरी अम्मा राहायची ना?’ मग सगळे नाना फडणवीसांच्या वाड्यात एक चक्कर मारतात, घाटावरची ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा बघतात, आणि साडेबाराला मिसळ खायला वाईत हजर.

मीही हेच करत आलोय. साताऱ्याचा असल्यामुळे जरा जास्तच. पुण्यातल्या ऑफिसात कुणी ‘गाव कुठलं?’ विचारलं की पूर्वी मी ‘कंदी पेढ्यांचं’ म्हणायचो, २००४ नंतर ‘स्वदेसचं’ म्हणायला लागलो. १७ डिसेंबर २००४ ला तो सिनेमा आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही, हे आता सांगूनही खरं वाटत नाही. नंतर डीव्हीडी, टीव्ही आणि हॉस्टेलमधले कॉम्प्युटर यांनी त्याला वाचवलं. अमेरिकेला निघालेल्या आणि अमेरिकेहून परत न आलेल्या एका अख्ख्या पिढीनं तो पाहिला आणि रडून घेतलं.

गेल्या पावसाळ्यात मी तो परत पाहिला. आठव्यांदा की नवव्यांदा, माहीत नाही. पण या वेळी शेजारी माझा जुना रूममेट बसला होता. त्यानं एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. हा लेख त्या प्रश्नाचा आहे, सिनेमा आपला निमित्ताला.

सीन तुम्हाला आठवत असेल. गावात ‘यादों की बारात’ दाखवतायत. मैदानात पांढरा पडदा ताणलाय. पडद्याच्या पुढं गावातली ‘बरी’ माणसं बसलीत. आणि पडद्याच्या मागे, उलटं चित्र बघत, बाकीचे. उलटा धर्मेंद्र, उलटी अक्षरं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, मागच्यांनाही नाही. मग वीज जाते, शाहरुख तारे दाखवायला लागतो, गाणं सुरू होतं आणि पडदा खाली येतो. आपण सगळे खूश.

रूममेटनं पॉज केलं आणि विचारलं, ‘तू हा सीन पहिल्यांदा पाहिलास तेव्हा स्वतःला कुठं बसवलंस? पडद्याच्या कुठल्या बाजूला?’

मी म्हटलं, ‘म्हणजे काय? शाहरुखच्या जागी!’

तो हसला. ‘बरोबर. मी मागं बसलो होतो.’

आडनावाचं राजकारण

याला थोडी पार्श्वभूमी आहे. आम्ही दोघं पुण्यात दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. तो माण तालुक्यातला. दुष्काळी भाग, बाप एसटीत, पोरगं हुशार. मेसचा डबा एकत्र, गाडी एकत्र, ऑफिसातल्या शिव्याही एकत्र. त्याच्या नावापुढे एक साधंसं आडनाव होतं, कुणाचंही असू शकेल असं. आपल्याकडे तुम्हाला माहितीय, नुसत्या आडनावावर भागत नाही. पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’, त्यानं कळलं नाही तर ‘गाव कुठलं?’, तरीही कळलं नाही तर ‘म्हणजे तुमचे पाव्हणे कुठले?’ तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक माणसं हाती लागतात. हा लागला नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. याचा मला अभिमानच होता. मी कुठं जातबित मानतो!

दोन वर्षांनी एका रात्री त्यानं आपणहून सांगितलं. आणि माझ्या तोंडून जे वाक्य गेलं ते असं : ‘काय सांगतोस? अरे, पण तू वाटत नाहीस.’

मला खरंच वाटलं होतं की मी त्याचं कौतुक केलं. तो काही बोलला नाही. गॅस बंद केला, झोपायला गेला. आम्ही आजही दोस्त आहोत, पण ते वाक्य कुठं गेलेलं नाही, हे मला त्या ‘पॉज’च्या वेळी कळलं.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये या प्रकारावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘स्टिग्मा’. त्याचं म्हणणं साधारण असं : ज्यांच्यावर समाजानं एखादा डाग लावलाय आणि तो डाग वरून दिसत नाही, त्यांचा दिवस माहिती सांभाळण्यात जातो. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, किती सांगायचं, कधी. अमेरिकेत उजळ कातडीचे काळे लोक गोऱ्यांत खपून जायचे, त्याला तिकडे ‘पासिंग’ म्हणत. आपल्याकडे त्याला आडनाव लहान करणं म्हणतात. गंमत अशी की खपून जाणाऱ्याला आपण ‘लपवतो’ म्हणतो, आणि ज्याच्यामुळे लपवावं लागतं त्याला काहीच म्हणत नाही.

मसूर स्टेशन, १९०१

आता ‘स्वदेस’मधला दुसरा सीन. माझ्या मते सिनेमातला सर्वांत मोठा. मोहन भार्गव, नासातला इंजिनिअर, खंडाची वसुली करायला हरिदासकडे जातो. हरिदास मूळचा विणकर. विणकामात पोट भरेना म्हणून त्यानं शेती करायला घेतली. गावाला ते खपलं नाही. ज्यानं त्यानं आपापला धंदा करावा! त्याच्या पिकाला पाणी द्यायचं गावानं नाकारलं. मोहन वसुली न करता परत फिरतो. वाटेत एका स्टेशनवर गाडी थांबते आणि एक पोरगं पाणी विकत येतं. मातीचा पेला, पंचवीस पैसे. तोवर बाटलीतलंच पाणी पिणारा हा गडी ते पाणी पितो आणि त्याचे डोळे भरतात. ‘पर्सनल चेंज’ म्हणतात तो इथं घडतो, एका स्टेशनवर, एका घोट पाण्यानं.

पण सिनेमा ज्या जिल्ह्यात चित्रित झाला, त्या जिल्ह्याला स्टेशन आणि पाणी या जोडीची एक जुनी आठवण आहे. १९०१ साल. साताऱ्यात शिकणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला, दुष्काळी कामावर कॅशियर. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून हा मुलगा, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं आगगाडीनं निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. जवळचं स्टेशन मसूर. तिथं उतरली, तर न्यायला कुणीच नाही. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं.

स्टेशनमास्तर चांगला माणूस होता. पोरं चांगल्या घरची दिसतायत म्हणून आपुलकीनं विचारपूस करत होता. कोण तुम्ही? मुलानं सांगून टाकलं, ‘महार.’ मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागे सरकला. पुढं बैलगाडीवाले यायला तयार होईनात, दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी. शेवटी तोड निघाली ती अशी : गाडी पोरांनी हाकायची, आणि गाडीवान बरोबर चालत येणार. म्हणजे विटाळ नको, पैसे चालतील. रात्र झाली. जवळ डबा होता, पाणी नव्हतं. टोलनाक्यावर माग, पण मुसलमान आहे म्हणून सांग, असा सल्ला मिळाला. मुलाला उर्दू छान यायचं. त्यानं तसं सांगून पाहिलं. तरीही पाणी मिळालं नाही. चारही मुलं तशीच उपाशी झोपली.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढं त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात ही हकिगत लिहिली. ती वाचताना मला सर्वांत जास्त काय टोचलं असेल तर तो टोलनाका. नऊ वर्षांच्या पोराला ‘खपून जायला’ लागतंय, घोटभर पाण्यासाठी. गॉफमनचं पुस्तक यायला अजून साठ वर्षं अवकाश होता.

याच मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं होतं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल, राजवाड्याजवळचं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतं. आम्ही त्या शाळेवरून हजार वेळा गेलो. चौपाटीवर भेळ खायला जाताना उजव्या-डाव्या हाताला काय आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. शाळेत बाबासाहेब होते, पण ते संविधानाच्या धड्यात होते, निळ्या कोटात. आमच्या गावच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसलेला, शिपाई असेल तरच पाणी प्यायला मिळणारा मुलगा आमच्या पुस्तकात नव्हता.

घरचं जेवण

पूर्वग्रह येतो कुठून? याचं सर्वांत झणझणीत उत्तर मला एका अमेरिकन सिनेमात मिळालं. ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’, १९९८. एडवर्ड नॉर्टन, मुंडण केलेलं डोकं, छातीवर स्वस्तिक गोंदलेला नाझीप्रेमी डेरेक. खून करून जेलात जातो, तीन वर्षांनी बदलून बाहेर येतो. कॉलेजात आम्ही तो मारामारीसाठी पाहिला होता. त्यातला खरा हिंसक सीन जेवणाच्या टेबलावरचा आहे, आणि त्यात कुणी आवाजसुद्धा चढवत नाही.

डेरेक तेव्हा शाळेत असतो, हुशार विद्यार्थी. शाळेतल्या काळ्या शिक्षकानं एक काळ्या लेखकाचं पुस्तक वाचायला दिलंय, त्याबद्दल तो उत्साहानं सांगतोय. बाप अग्निशमन दलात. प्रेमळ, मेहनती, आपल्या-तुपल्यासारखा. तो म्हणतो, ते सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे दोन काळ्यांना घेतलंय, परीक्षेत गोऱ्यांना जास्त मार्क होते तरी. आगीत माझा जीव कुणाच्या भरवशावर आहे, ते मला कळायला नको का? मुलगा ऐकतो, मान हलवतो. बस. पुढं बापाचा खून होतो तेव्हा ही वात पेटते, पण तेल टेबलावरच घातलेलं असतं.

समाजशास्त्रात याला ‘प्राथमिक सामाजिकीकरण’ म्हणतात. भारदस्त शब्दावर जाऊ नका. म्हणजे आईबापांनी न शिकवता शिकवलेलं. बारावीचा निकाल, मेडिकलची लिस्ट, आणि आपल्या घरातलं ताट. ‘नव्वद टक्के मिळवून आपला पोरगा घरी, आणि त्यांचा...’ हे वाक्य तुम्ही ऐकलेलं नाही, असं शपथेवर सांगा. माझ्या घरी जातीवरून कुणी कुणाला शिवी दिली नाही. पण मागच्या दारी, न्हाणीच्या भिंतीत एक देवळी होती, आणि त्या देवळीत एक पितळी पेला पालथा ठेवलेला असायचा. झाडायला येणाऱ्या मावशींचा. त्या ओंजळभर उन्हात बसून त्यातून चहा प्यायच्या आणि स्वतः धुऊन परत पालथा ठेवायच्या. आजी त्यांच्याशी प्रेमानं बोलायची, दिवाळीला साडी द्यायची. मला दहा वर्षांत एकदाही वाटलं नाही की हा पेला आमच्या फडताळात का नाही. विचारायचं सुचलंच नाही, ही त्या पेल्याची ताकद.

राल्फ लिंटन या मानववंशशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये दर्जाचे दोन प्रकार सांगितले : जन्मानं चिकटलेला आणि स्वतः कमावलेला. आपली अख्खी करिअरची भाषा दुसऱ्या प्रकारावर उभी आहे. पॅकेज, प्रमोशन, ऑनसाइट. आणि लग्न ठरवायला बसलो की पहिला प्रकार लगेच टेबलावर. मॅट्रिमोनी साइटवर ‘कास्ट नो बार’ लिहिणाऱ्यांनी खाली फिल्टर काय लावलाय, ते एकदा त्यांनाच विचारा. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच बोट ठेवलं होतं : जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यानं. शंभरावर वर्षं झाली.

(जात आणि वंश एकच का, यावर विद्वानांचं जुनं भांडण आहे. मालवणच्या गो. स. घुर्यांनी १९३२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, २००१ च्या डर्बन परिषदेत त्यावरून खडाजंगी झाली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोघांच्या दुखण्यातलं साम्य सांगितलं होतं. दुखणाऱ्यांना साम्य लगेच कळतं, इतकंच मी म्हणेन.)

चादरींच्या घड्या

मग माणूस बदलतो कसा? डेरेकला कुणी भाषण दिलं म्हणून तो बदलत नाही. जेलच्या लाँड्रीत त्याला एका काळ्या कैद्याबरोबर कामाला लावतात. समोरासमोर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. पहिले काही दिवस हा बोलत नाही. तो दुसरा मात्र तोंडाळ, विनोदी. एक दिवस याला हसू फुटतं. त्याच वेळी आपले म्हणवणारे नाझी कैदी किती दुटप्पी आहेत, तेही त्याला दिसतं. दोन्ही बाजूंनी भिंत खचते.

गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्ये हे सूत्र मांडलं होतं. नुसतं जवळ राहून पूर्वग्रह जात नाहीत. उलट कधी कधी वाढतात. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मावशी आमच्या घरी रोज यायच्या, वीस वर्षं. संपर्क भरपूर होता. सारखा दर्जा नव्हता. म्हणून पेला देवळीतच राहिला.

त्याच १९५४ साली मुझफर शेरीफ या तुर्की-अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ओक्लाहोमातल्या एका कॅम्पवर अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांवर एक प्रयोग केला. आज कुणी तसा करू देणार नाही. मुलांचे दोन गट पाडले, स्पर्धा लावली, आठवड्याभरात दोन्ही गट एकमेकांचे झेंडे जाळायला लागले. मग एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी. शेवटी कशानं जमलं? कॅम्पचा पाणीपुरवठा मुद्दाम बंद पाडला. टाकीपासूनची लाइन शोधायला सगळ्यांना मिळून जावं लागलं. तिथं पण पाणीच!

‘स्वदेस’मध्येही नेमकं हेच. मोहन पंचायतीत तावातावानं बोलतो त्यानं कुणी बदलत नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी अडवून वीज करायची ठरते, सगळ्या जातींचे हात एकाच खड्ड्यात माती उपसतात, तेव्हा कुठं गाडी हलते.

ऑलपोर्टच्या तीस वर्षं आधी, साताऱ्यात

आता मला आमच्या गावाची थोडी फुशारकी मारू द्या, कारण आतापर्यंत लाजच काढलीय. ऑलपोर्टचं पुस्तक यायच्या तीस वर्षं आधी, १९२४ मध्ये, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी एक वसतिगृह सुरू केलं. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली होतीच. साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्यांची पोरं. स्वयंपाकघर एक, पंगत एक. लाकडं फोडणं, दळण, शेतातलं काम, सगळं पोरांनीच करायचं. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला आले आणि त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

ऑलपोर्टच्या चारही अटी लावून बघा. दर्जा सारखा, कारण सगळेच कफल्लक. उद्दिष्ट एक : शिकायचं. एकमेकांची गरज : पाणी तू भर, पीठ मी मळतो. आणि वरचा पाठिंबा म्हणाल तर भाऊरावांचं घरच त्यात ओतलेलं. लक्ष्मीबाई जैन घराण्यातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांना हे सोपं गेलं नसणार. पण पुढं पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांबद्दल एक गोष्ट आमच्याकडे सांगतात : शाळकरी वयात विहिरीवर अस्पृश्य बाया पाण्यासाठी ताटकळलेल्या पाहून त्यांनी रहाटच मोडून टाकला. गोष्ट तिखटमीठ लागून आली असेल, पण माणूस तसा होता खरा.

‘स्वदेस’च्या उलटा प्रवासही याच पट्ट्यात झालाय. गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनियापोलिस. अमेरिकेत नागरी हक्क आणि युद्धविरोधी चळवळींच्या काळात वाढलेली ही मुलगी बर्कलेहून पीएचडी करायला म्हणून महाराष्ट्रात आली. विषय : महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ. म्हणजे आपला फुले आपल्याला नीट समजावून सांगायला मिनेसोटाची पोरगी लागली! पुढं डॉ. भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व, आणि सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हेच घर. २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथंच त्या गेल्या. त्यांच्यावर कुणी तीन तासांचा सिनेमा काढला नाही. शाहरुख नासा सोडतो तिथं आपला सिनेमा संपतो. या बाई त्यानंतरची चाळीस वर्षं जगल्या, मोर्चे, दौरे, पुस्तकं, आणि सुनेला शोभेल अशी कासेगावकडची मराठी.

आणि ‘स्वदेस’मधल्या त्या बंधाऱ्याचा आमच्याकडचा भाऊ म्हणजे बळीराजा धरण. खानापूर तालुका, येरळा नदी, १९८० चं दशक. मुंबईच्या गिरणी संपात घरी परतलेले कामगार, दुष्काळ, आणि नदीतली वाळू उपसून नेणारे ठेकेदार. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी भांडून वाळू आपल्या ताब्यात घेतली, ती विकून पैसा उभा केला आणि बंधारा बांधला. पण मुद्दा बंधाऱ्याचा नाही. मुद्दा वाटपाचा. पाण्यावर हक्क जमिनीच्या हिशोबानं नाही, ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. हरिदासला पाणी कोण देणार, या प्रश्नाचं उत्तर आशुतोष गोवारीकरांच्या सिनेमाच्या पंधराएक वर्षं आधी येरळेच्या काठावर शोधलं जात होतं.

इथं मला माझ्या लाडक्या सिनेमाशी थोडं भांडायचंय. ‘स्वदेस’मध्ये बदल आणायला नासाहून माणूस यावा लागतो. पडदा तोच पाडतो. पडद्यामागे बसलेल्यांतलं कुणी उठून पडदा फाडत नाही, ते फक्त कृतज्ञ डोळ्यांनी बघतात. मोहनची स्वतःची जात सिनेमात कधी प्रश्न बनत नाही, कारण नायकाला जात नसते. जात असते ती हरिदासला. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात हेच दाखवलंय : ज्यांनी जातीचा फायदा पिढ्यान्‌पिढ्या वसूल करून तो पदवी आणि नोकरीत बदलून घेतला, त्यांना ‘मला जात नाही’ म्हणणं परवडतं. हे वाचलं तेव्हा मला माझा तो ‘मी विचारलंच नाही’चा अभिमान आठवला. मला विचारायची गरज नव्हती. माझं आडनाव मी कधी लहान केलं नव्हतं.

रूममेटला मी हे सगळं गाडीत बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘लेका, एवढं पुस्तकातून काढलंस होय? मला विचारायचंस की.’

चहा

ते मेणवलीला जाऊन परत येतानाचं बोलणं. आम्ही साताऱ्यात घरी थांबलो. तो आमच्या घरी पहिल्यांदाच येत होता, इतक्या वर्षांत. का, ते मी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

आजी आता नाही. मावशीही थकल्या, त्यांची नात नर्सिंगला आहे म्हणतात. मागची न्हाणी पाडून तिथं टाइल्सची बाथरूम झालीय, देवळी बुजली. पितळी पेल्याचं काय झालं, आईला आठवत नाही. मोडीत गेला असेल, म्हणाली.

आईनं ट्रेमध्ये पाणी आणलं. स्टीलचे तीन ग्लास. त्याची चौकशी केली, प्रवास कसा झाला, ट्रॅफिक लागलं का खंबाटकीला. मग सहज, अगदी सहज, म्हणाली, ‘आडनाव काय म्हणालास रे बाळा?’

मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. त्यानं पाणी संपवलं, ग्लास खाली ठेवला आणि पूर्ण आडनाव सांगितलं. ते लहान केलेलं नाही, शाळेच्या दाखल्यावरचं. गावासकट.

‘माण म्हणजे तुमच्याकडे पाण्याचे हालच,’ आई म्हणाली. ‘बसा. चहा टाकते.’

ती आत गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठंय विचारल्यासारखं केलं, आणि ओट्यावर कुठले कप काढलेत ते बघितलं. तिन्ही एकाच सेटमधले होते, निळ्या फुलांचे, पाहुण्यांचे. आईच्या लक्षात आलं मी काय बघतोय ते. ती काही बोलली नाही, आलं किसत राहिली.

बाहेर तो भिंतीवरचे फोटो बघत उभा होता. साडेपाचला निघालो, कारण रविवारी संध्याकाळी उशीर केला की आणेवाडीच्या टोलनाक्यावर रांग लागते.